लिफ्ट बंद, बैठक चालू

२ ऑगस्ट, रविवार

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या जुन्या भाडेकरूंनो! तुम्ही या शहराच्या बसगाड्या हाकल्यात, इस्पितळांत पाळ्या केल्यात, दुसऱ्यांच्या पोरांना न्हाऊमाखू घातलंत, त्यांच्या कचेऱ्या झाडल्यात. आणि आज तुम्हालाच स्वतःच्या घरी पोचायला जिन्यात थांबून थांबून दम खावा लागतोय. आपली लिफ्ट जूनपासून बंद आहे. मालकाची कंपनी म्हणते, सुटा भाग परदेशातून यायचाय, वसंतापर्यंत येईल. कोणत्या वर्षीच्या वसंतापर्यंत, ते म्हणत नाही.

ही दैनंदिनी खासगी आहे, हे मला माहीत आहे. पण समोर माणसं बसली आहेत असं धरल्याशिवाय मला एक ओळ सुचत नाही. बस चालवायचो तेव्हाही आरशात बघून बोलायचो. प्रवासी आपापल्या थांब्यावर उतरून जायचे, मुद्दा मात्र मी शेवटच्या थांब्यापर्यंत नेत असे.

तर परिस्थिती अशी. खालच्या दोन मजल्यांवरची रिकामी झालेली घरं कंपनीने आतून नवी केली. लाकडी जमीन, भिंतीतून थंड हवा, आणि भाडं आमच्या कितीतरी पट. तिथल्या लोकांना लिफ्ट लागत नाही. वरचे मजले आमचे: डॉमिनिकन, बंगाली, घानाचे, होंडुरासचे, आणि माझ्यासारखे, ज्यांचे आईबाप बार्बाडोसहून आले. कायद्याने आम्हाला हाकलता येत नाही. म्हणून आम्ही दमून आपणहून जावं अशी व्यवस्था आहे. हल्ली गरिबाला कोणी दार दाखवत नाही. नुसती लिफ्ट दुरुस्त करत नाहीत.

सहाव्या मजल्यावर युफ्रासिया राहते. होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या गारिफुना जमातीची बाई. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून चाकाच्या खुर्चीत असते. जूनपासून ती रस्त्यावर आलेली नाही. तिची मुलगी निल्सा अटलांटाला, एकमजली घरात राहते, दारात खुर्चीसाठी उतार आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, निल्सा गाडी घेऊन येणार. तोवर लिफ्ट सुरू झाली नाही, तर युफ्रासिया तिच्याबरोबर कायमची जाणार. हे तिने मला आज सांगितलं, केळी सोलता सोलता, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येते म्हणावं तसं.

मी म्हणालो, "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

ती म्हणाली, "गिटन्स, त्या पातेल्याकडे बघ. उतू जाईल."

तत्त्वाचाच प्रश्न आहे. एक भाडेकरू गेला की भिंतीतली एक वीट जाते. ती वीट कोण, याला महत्त्व नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार

आज मधल्या अंगणात सभा घेतली. दुधाच्या क्रेटवर उभा राहून बोललो. चारी बाजूंच्या खिडक्या उघड्या होत्या. सुरुवात हैतीच्या क्रांतीपासून केली, तिथून रोममधल्या धान्याच्या दंग्यांवर आलो, मग जमिनीच्या मालकीचा इतिहास, आणि शेवटी लिफ्ट. मागणी एकच: लॉबीत ठिय्या! लिफ्ट चालू होईपर्यंत रोज संध्याकाळी लॉबीत शांतपणे, मूठ आवळून बसायचं.

चौथ्या मजल्यावरची योकास्ता माझं बोलणं स्पॅनिशमध्ये सांगत होती. तिचं केस करण्याचं दुकान आहे. अर्ध्या मोहल्ल्याची डोकी तिच्या हातून जातात. मी दहा वाक्यं बोललो की ती एक बोलायची. स्पॅनिश भाषा एवढी आटोपशीर आहे हे मला ठाऊक नव्हतं. एक शब्द पुन्हा पुन्हा आला: 'एनामोरादो'. 'एनिमी'ला जवळचा दिसतो. वर्गशत्रू म्हणत असावी.

बंगाली बाजू तोफज्जलने सांभाळली. तो टॅक्सी चालवतो. आधी पिझ्झाच्या भटारखान्यात होता. सभेनंतर मी त्याची पाठ थोपटली. म्हणालो, "माझं जमिनीच्या मालकीवरचं बोलणं कठीण होतं. कसं सांगितलंस?"

"अंकल, खरं सांगू? तुमचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जातं. मी भटारखान्यात मेक्सिकन पोरांबरोबर स्पॅनिश शिकलोय. मी योकास्ताबाईंचं ऐकून सांगितलं."

पण परिणाम पाहण्यासारखा होता. बायकांनी छातीवर हात ठेवले. तोफज्जलच्या बायकोने ओढणीने डोळे टिपले. डॉमिनिकन म्हातारे एकदम माना वर करून सहाव्या मजल्याच्या खिडकीकडे बघू लागले. हैतीचा भाग त्यांना भिडला असावा.

रात्री युफ्रासियाला चळवळीचा अहवाल द्यायला वर गेलो. ती उगाचच हसत होती. उकाडा बाधला असेल.

६ ऑगस्ट, गुरुवार

अनर्थ.

संध्याकाळी खाली उतरलो, हातात घोषणाफलक. लॉबीत काय पाहतो! घराघरांतल्या खुर्च्या. घडीचं टेबल मांडून डॉमिनोचा डाव रंगलेला, सोंगट्या अशा आपटतायत की भिंतीचा गिलावा पडावा. घानाच्या दोघी बहिणी एका पोरीच्या वेण्या घालतायत. तोफज्जलच्या बायकोने मोठ्या पातेल्यात मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि त्यात कांदा, मिरची, मोहरीचं तेल कालवलंय आणि सगळ्यांना कागदाच्या पुड्या देतेय. माझ्याही हातात एक पुडी कोंबली.

मी योकास्ताला बाजूला घेतलं. "हा ठिय्या आहे की जत्रा?"

"प्रोफेसर, तुम्हीच म्हणालात ना, खाली येऊन बसा. मी तसंच सांगितलं: खाली येऊन बसायचं. आता आमच्याकडे नुसतं बसत नाहीत, मि अमोर. बसलं की काहीतरी खातात."

तोफज्जलला विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाला, "बोईठोक."

"म्हणजे?"

"म्हणजे चार माणसं बसतात, बोलतात, चहा होतो. त्याला काय म्हणणार दुसरं?"

म्हणजे माझा ठिय्या स्पॅनिशमध्ये गेला तेव्हा त्याचं बसणं झालं, आणि बंगालीत पोचला तेव्हा बैठक. इतिहासातल्या कित्येक क्रांत्या भाषांतरकारांनीच बुडवल्या असणार.

मुडी तिखट होती. तीन पुड्या खाल्ल्या. निषेध म्हणून उभ्यानेच खाल्ल्या.

९ ऑगस्ट, रविवार

इमारतीचा सुपर पाश्को आज कात्रीत सापडला. अल्बेनियाचा माणूस, बॉयलर, नळ, कचरा सगळं त्याच्या अंगावर. पगार कंपनीचा. कंपनीने त्याला फोनवर सांगितलं, लॉबी रिकामी कर, आग लागली तर वाट अडेल. पाश्को खडू घेऊन आला आणि दारापासून जिन्यापर्यंत जमिनीवर एक रुंद पट्टा आखला.

"या रेषेच्या आत कोणाचं पाऊल नको, कोणाची खुर्ची नको. मग अग्निशमनवाला काही बोलू शकत नाही. कंपनीला सांगतो, वाट मोकळी आहे."

मग घरून एक लांब बाक आणला, रेषेच्या बाहेर काटेकोर ठेवला आणि त्यावर स्वतः बसला. "मी नजर ठेवतोय," म्हणाला. डॉमिनोत पहिल्याच डावात हरला.

दुसऱ्या मजल्यावरचा कॉर्बिन कुत्र्याला फिरवून येत होता. नव्या घरांतला गोरा पोरगा, दाढीवाला. त्याने विचारलं, "हा कार्यक्रम दर आठवड्याला असतो का? नाव कुठे नोंदवायचं?"

योकास्ता म्हणाली, "नाव नको, बाळा. खुर्ची आण."

तो खरंच आणायला गेला. एवढी महागडी खुर्ची मी जन्मात पाहिली नव्हती. पाच मिनिटांत तिच्यावर घानाची थोरली बहीण बसली होती आणि कॉर्बिन जमिनीवर. रीतसर क्रांती झाली असती तर खुर्चीचा मालक इतक्या लवकर बदलला असता का, कोण जाणे.

१३ ऑगस्ट, गुरुवार

मी शिस्तीचा माणूस आहे. आज बोलावं लागलं. लॉबीत मधोमध उभा राहिलो. (रेषेच्या आत, पाश्को खोकला, बाहेर सरकलो.) म्हणालो, मित्रहो, मालक आपल्याकडे बघून हसतोय. हा लढा आहे. उद्यापासून डॉमिनो बंद, खाणं बंद, गाणी बंद. आपण दगडासारखे बसू, आणि दगडाला सगळेच घाबरतात.

योकास्ताने या वेळी शब्दाला शब्द सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

आज शिस्त उत्कृष्ट होती. आम्ही सातजण होतो. कोणी बोललं नाही. एक म्हातारा डुलक्या घेता घेता पाश्कोच्या खांद्यावर कलंडला. थोड्या वेळाने पाच उरलो, मग पाश्को आणि मी.

पाश्को म्हणाला, "मिस्टर गिटन्स, माझ्या गावी मयताला याहून जास्त माणसं येतात. आणि याहून जास्त हसतात."

वर जाऊन युफ्रासियाला शिस्तीची बातमी दिली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज काय झालं होतं? कोणी गेलं का?"

"का?"

"बंद लिफ्टचा बोगदा आहे ना, त्यातून खालचं सगळं वर येतं. सोंगट्या आपटलेल्या, योकास्ताचं खिदळणं, पाश्को हरला की देतो त्या शिव्या. मी दार उघडं टाकून खुर्ची तिथे लावते. आठवडाभर वाटत होतं, मीही खालीच बसलेय." तिने खोलीच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे सुटकेस उघडी होती, आणि तिच्यात घडी केलेले हिवाळी कपडे. "आज एकदम चिडीचूप. म्हटलं, मग भरायला घ्यावं."

मी तिला सांगितलं की शांतता हे बलाचं लक्षण आहे. तिने कपड्यांच्या घड्या घालणं थांबवलं नाही.

१५ ऑगस्ट, शनिवार

रणनीतीत माघारीला स्थान असतं. हे मी पूर्वीपासून मानत आलो आहे.

सकाळी योकास्ताच्या दुकानात गेलो. चार बायका डोक्याला गुंडाळ्या बांधून बसल्या होत्या. मी म्हणालो, डॉमिनो पुन्हा सुरू करावा, असा माझा ताजा विचार आहे. गाणीही. शक्यतो मोठ्याने. लिफ्टच्या दाराजवळ.

चौघीही आरशातून माझ्याकडे बघू लागल्या. योकास्ताने हातातला कंगवा खाली ठेवला. "प्रोफेसर, लिफ्टच्या दाराजवळच का?"

"ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने."

"अर्थात," ती म्हणाली. "ध्वनिशास्त्र." आणि त्या चौघी अशा हसल्या की एकीची गुंडाळी सुटली. बायकांना विज्ञानाची एवढी गोडी असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी लॉबी ओसंडत होती. टेबल थेट लिफ्टच्या बंद दाराशी लावलं. मी स्वतः एक डाव खेळलो आणि सोंगटी जोरात आपटली. वर कुठूनतरी, त्या काळ्या बोगद्यातून, कोणीतरी खुर्चीच्या हातावर थाप मारल्याचा आवाज आला. पुन्हा आपटली. पुन्हा थाप. मग आमच्या सगळ्या टेबलाने आपटायला सुरुवात केली.

डाव हरलो. इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. सामुदायिक कृतीत ही ताकद असते.

१९ ऑगस्ट, बुधवार

कंपनीचा माणूस आला. सूट, घामाचे डाग. म्हणाला, ही बेकायदा कृती आहे.

"बसणं बेकायदा आहे?" तोफज्जलने विचारलं.

"लॉबी ही बसण्याची जागा नाही."

"मग आम्हाला लिफ्टने वर पाठवा," घानाची थोरली बहीण हातातली वेणी न सोडता म्हणाली. "आम्ही घरी बसू."

मी उठलो. मनात पूर्ण भाषण तयार होतं. पण योकास्ताने माझा दंड धरून खाली बसवलं आणि त्याला पास्तेलितो दिलं, गरमागरम, आतून मांस भरलेलं. तो नको म्हणाला. मग कॉर्बिन उभा राहिला. त्याने शांतपणे सांगितलं की तो महिन्याला भरमसाट भाडं देतो, आणि या पैशात चालू लिफ्ट मिळावी असं त्यालाही वाटतं. त्या माणसाचा चेहरा बदलला. आम्ही अडीच महिने हेच ओरडत होतो, तेव्हा त्याचे कान बंद होते. कॉर्बिनने एकदाच म्हटलं आणि त्याने वही काढली. मित्रहो, या शहराला पन्नास भाषा येतात, पण ऐकू एकच येते: चढ्या भाड्याची.

कॉर्बिन नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मला लाज वाटली. त्याने तुमचं का नाही लिहून घेतलं?"

मी म्हणालो, "लाज वाटली ना? मग उद्याही येऊन बस."

त्या माणसाने जाताना पास्तेलितो उचललं. हे मी पाहिलं.

२३ ऑगस्ट, रविवार

आज इतिहास घडला, आणि घडताना हातात ताटली होती.

सहाव्या मजल्यावरचं एक रिकामं घर कंपनीने नवं करून ठेवलंय, युफ्रासियाच्या शेजारचं. दर रविवारी दलालबाई गिऱ्हाइकांना घेऊन येते. आज पहिलं जोडपं दारात आलं, आणि आत पाऊल टाकताच मुडीची पुडी हातात. नवरा डॉमिनोच्या टेबलापाशी रेंगाळला. पोर्तो रिकोत त्याचा आजोबा खेळायचा म्हणे. बसला. बायकोला वेण्या आवडल्या, तीही बसली. मागून दुसरं जोडपं आलं, तेही बसलं. दलालबाई हातात किल्ल्या खुळखुळवत खडूच्या पट्ट्यात एकटी उभी.

बराच वेळाने त्या नवऱ्याला आठवलं. "अरे, घर बघायचं होतं ना. कितव्या मजल्यावर?"

"सहाव्या," दलालबाई बारीक आवाजात म्हणाली.

"लिफ्ट?"

लॉबीत जो हशा उठला! कोणी उत्तर दिलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. म्हातारे टेबलावर डोकी टेकून हसत होते. पाश्कोने बाकावरून उठून आदबीने जिन्याकडे हात केला. शेवटी ती गिऱ्हाइकंही हसायला लागली. जाताना त्या बाईने दलालबाईला सांगितलं, "घर नाही पाहिलं तरी चालेल. लिफ्ट सुरू झाली की आधी आम्हाला फोन करा. आम्हाला इथेच राहायचंय."

दुसऱ्या जोडप्यानेही तेच सांगितलं. दलालबाईने तिथूनच कंपनीला फोन लावला. तिचा आवाज आता बारीक नव्हता.

मी ठरवलेलं एकही वाक्य आज बोललो नाही. आश्चर्य म्हणजे आठवलंही नाही.

२६ ऑगस्ट, बुधवार

वसंत आला! ऑगस्टमध्येच. दोन कारागीर मोठं खोकं घेऊन आले आणि दिवसभर बोगद्यात ठोकाठोक चालली. परदेशाहून येणारा भाग तीन दिवसांत आला.

ही बातमी द्यायला धावत वर गेलो. युफ्रासिया दारातच होती, खुर्ची बोगद्याकडे तोंड करून. मी विजयाचं विश्लेषण सुरू केलं: अंगणातलं माझं पहिलं भाषण, त्याने झालेली जागृती.

"ऐकलं होतं मी ते," ती म्हणाली. "खिडकीतून. तुझं ऐकलं आणि योकास्ताचंही."

"योकास्ता तर स्पॅनिशमध्ये बोलत होती."

"गिटन्स, मी होंडुरासची आहे. तिथे शाळेत कोणती भाषा असते असं वाटतं तुला?"

मला हे सुचायला हवं होतं. पण आमचं दोघांचं बोलणं नेहमी इंग्रजीत, आणि ती एकटी असली की गारिफुना भाषेत गुणगुणते. मी विचारलं, योकास्ताने नीट भाषांतर केलं होतं का?

युफ्रासियाने खुर्ची माझ्याकडे वळवली. "तू जे बोलायला हवं होतंस, ते तिने नीट सांगितलं. अख्ख्या इमारतीला. मग मला वाटलं, जायच्या आधी थोडं थांबून बघावं."

खाली आल्यावर 'एनामोरादो' शब्दकोशात पाहिला.

शत्रू असा अर्थ नाही.

अर्थ इथे लिहीत नाही. म्हणजे ते सगळे त्या संध्याकाळी हैतीसाठी रडले नव्हते. मुडी वाटणाऱ्या बाईपासून सोंगट्या आपटणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तीन आठवडे जे माहीत होतं, ते मला... असो. योकास्ताला जाब विचारला पाहिजे. उद्या विचारीन. किंवा तिला काहीतरी गोड नेऊन देईन.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

शहराचा तपासनीस येऊन गेला. लिफ्ट पास. पाश्कोने सगळ्यात आधी स्वतः वरखाली करून पाहिलं आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून "अजून जिवंत आहे!" असं ओरडला.

युफ्रासियाने निल्साला फोन केला: लेबर डेला ये, पण डिकी भरून घेऊन जायला नव्हे. नारळाच्या रश्शातली मासळी करतेय, पोटभर जेवायला ये. सुटकेस रिकामी करायला मी मदत केली. हिवाळी कोट वरच्या खुंटीवर टांगायला तिला माझी उंची लागते.

ती उद्या संध्याकाळी खाली उतरणार. जूननंतर पहिल्यांदा. पिवळा पोशाख काढून ठेवलाय. मी म्हणालो, लॉबीत दोन शब्द बोलीन.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "माझ्याबरोबर लिफ्टमध्ये उभा राहा. आणि हात दे."

"फक्त हात?"

"सुरुवात तिथून करू. पण एक आहे, गिटन्स. ही लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, कोणी ना कोणी बटण दाबलेलंच असतं. मला एका दमात खाली जायचंय. मध्येच दार उघडलं आणि कोणी 'अगं युफ्रासिया!' म्हणालं, तर मी तिथेच रडायला लागेन, आणि खाली पोचेपर्यंत सगळं काजळ गालांवर येईल."

सदरा इस्त्री केला. पुन्हा केला. आता निवेदन लिहितो. सकाळी प्रत्येक दारात जाऊन मीच वाचून दाखवणार, योकास्ताला आणि तोफज्जलला बरोबर घेऊन. या खेपेला त्यांना काही छाटावं लागणार नाही, काही भरही घालावी लागणार नाही.

शेजाऱ्यांनो! तुम्ही बसलात म्हणून ती राहिली. आता एवढं एकच करा. उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजल्यापासून, लॉबीत लिफ्टचं दार उघडून आम्ही दोघं बाहेर येईपर्यंत, कोणत्याही मजल्यावर, कितीही घाई असली तरी, बटण दाबू नका.